नववी-दहावीतलं व्यवसाय शिक्षण: ठाणे-नवी मुंबईच्या शाळांत ते 'कच्च्या' मुलांपुरतंच का?

कळवेकर

यंदा मूल नववीत जाणाऱ्या पालकांसाठी आणि इथल्या शिक्षकांसाठी हा धागा काढतोय.

आपल्याकडच्या काही माध्यमिक शाळांत नववी-दहावीला व्यवसाय शिक्षणाचा एक विषय घेता येतो. ऑटोमोटिव्ह, रिटेल, हेल्थकेअर, ब्युटी अँड वेलनेस, आयटी, मल्टी स्किल असे प्रकार आहेत. ज्या शाळेला जो मंजूर झाला असेल तो तिथे मिळतो. दहावीच्या गुणपत्रिकेत त्याचे गुण लागतात. पण शाळेत चौकशी केली की ऐकायला मिळतं, "तो विषय जरा कच्च्या मुलांसाठी आहे, तुमच्या मुलाला कशाला?"

या एका वाक्याने सगळ्या योजनेचं वाटोळं होतंय, असं माझं स्पष्ट मत आहे. हुशार मुलं तिकडे फिरकत नाहीत, म्हणून पालक विचारत नाहीत. पालक विचारत नाहीत, म्हणून संस्था खोली देत नाही, सामान आणत नाही. सामानच नाही तर शिकवणार काय? आणि मग तीच शाळा म्हणते, बघा, विषयात काही दम नाही.

हे आजचं नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेत कार्यानुभव हवा असं सांगितलं. आमच्या वाट्याला त्यातून पुठ्ठ्याची पाकिटं आणि शेरा मारलेली वही आली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवायचं ठरवलं. २०२० चं धोरण म्हणतं, २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज दिलाय: १९ ते २४ वयाच्या आपल्या काम करणाऱ्या तरुणांत औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहूनही कमी. जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. प्रत्येक वेळी आकडा ठरला आणि प्रत्येक वेळी आपण सगळ्यांनी मनात धरलं की हे दुसऱ्याच्या मुलांसाठी आहे.

आपण कुठे राहतो तेही बघा. एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणजे आपली वागळे इस्टेट, १९६२ ची. ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा कारखान्यांचा सलग पट्टा. पलीकडे उरणला जेएनपीए बंदर (पूर्वीचं जेएनपीटी), आता उलव्याजवळ विमानतळ. त्या रस्त्याने रोज बसने शाळेत जाणाऱ्या मुलाला त्या फाटकांमागे काय चालतं याची दहावीपर्यंत गंधवार्ता नसते.

माझं म्हणणं असं. आठवी ते दहावी प्रत्येक मुलाने, पहिल्या नंबरच्या मुलानेही, दर आठवड्याला ठरावीक वेळ खऱ्या कामावर घालवावा. त्याचे गुण धरावेत. आणि हे केल्यामुळे पुढचा कोणताही रस्ता बंद होऊ नये. ही शेवटची अट सुटली तर बाकीचं नको, इतकी ती महत्त्वाची आहे.

तुमच्या शाळांत काय परिस्थिती आहे ते लिहा. शिक्षकांनी जरूर लिहा.

---

निवृत्त_निदेशक

कळवेकर, चांगला विषय काढलात. मी आयटीआयमध्ये जोडारी व्यवसायाचा निदेशक होतो, म्हणजे फिटर ट्रेड. त्या बाजूने लिहितो.

पहिल्या वर्षाला येणारी मुलं दहावी पास असतात, काही बारावीसुद्धा. व्हर्नियरचं (बारीक माप घ्यायच्या उपकरणाचं) लघुत्तम माप किती, विचारलं तर ०.०२ मिमी असं धडाधड सांगतात. हातात व्हर्नियर दिला की जबडे तिरके धरतात आणि दोघांची मापं दोन येतात. माप घेणं ही हाताची सवय आहे, ती पाठांतराने लागत नाही.

पहिलं काम असतं लोखंडी पट्टीचा तुकडा हॅक्सॉने कापून कानशीने काटकोनात आणायचा. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि जॉबच्या मधून उजेड दिसला की कुठेतरी उंचवटा आहे. मूल परत शेगड्यात (व्हाइसमध्ये) जॉब बांधतं, परत घासतं. पहिले काही दिवस जवळजवळ सगळ्यांचा पृष्ठभाग मध्ये फुगीर येतो, कारण कानस पुढे ढकलताना दोन्ही हातांचा दाब बदलत न्यायचा असतो. तोल कसा साधायचा हे सांगून येत नाही, मी शेजारी उभा राहून त्यांच्या हातावर हात ठेवायचो. पण एकदा जमलं की त्या मुलाला पुन्हा कधी अंदाजपंचे काम चालत नाही. चूक कुठे आहे हे त्याला कुणी सांगावं लागत नाही, गुण्याच सांगतो. परीक्षेच्या पेपरात ही सोय नाही. तिथे आपलं चुकलं हे मुलाला निकालाच्या दिवशी कळतं, आणि का चुकलं ते तर कळतच नाही.

हे शिकायला सोळा-सतरा वर्षांचं होईपर्यंत थांबायची काहीच गरज नाही. तेरा-चौदाव्या वर्षी हात लवकर वळतो. जुन्या तांत्रिक विद्यालयांत आठवीपासून कर्मशाळेचा तास असायचाच, आणि तिथून निघालेली मुलं आमच्याकडे किंवा पॉलिटेक्निकला आली की लगेच ओळखू यायची.

अडचण जागेची आहे, ते खरं. ठाण्यातल्या शाळेला मैदान नाही तिथे कर्मशाळा कुठून येणार? पण २०२० च्या धोरणातच एका ठिकाणी कौशल्य प्रयोगशाळा करून आजूबाजूच्या शाळांनी ती वापरायची, अशी कल्पना आहे. वागळे इस्टेटच्या रामनगरला सरकारी आयटीआय आहे. आठवड्यातून अर्धा दिवस जवळपासच्या शाळांना तिथली एखादी शेड दिली तर सुरुवात होईल. त्यासाठी जादा निदेशक नेमावा लागेल. नुसतं परिपत्रक काढून हे होणार नाही, कारण एका बॅचमध्ये वीसच्या वर मुलं घेतली तर मशीनपाशी अपघात होतो.

---

सविता_घणसोली

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आम्ही प्रकल्पग्रस्त. १९७० साली सिडको आली आणि आमच्या आगरी-कोळी गावांच्या भातशेती आणि मिठागरं गेली. आमच्या आई-वडिलांना सांगितलं होतं, कारखाने येतील, तुमच्या मुलांना नोकऱ्या लागतील. लागल्या. कुणी फाटकावर, कुणी हाऊसकीपिंगला, कुणी लोडिंगला. वरच्या मजल्यावर बसायला शिक्षण लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. त्यामुळे 'हाताचं काम शिका' हे ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो. ते आम्हाला पिढ्यानपिढ्या येतंच. वडील होडी बांधायचे, जाळं विणायचे, मिठाची कोंडी राखायचे. कौशल्य नव्हतं म्हणून आम्ही मागे राहिलो नाही. कागद वाचता येत नव्हता, म्हणून राहिलो.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान द्या असं म्हटलंय, पण त्याच यादीत मोडी आणि बालबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण सगळं आहे. अर्धं या मुलांना आणि अर्धं त्या मुलांना, अशी वाटणी त्यांनी केली नव्हती.

महापालिकेच्या शाळेत ब्युटी पार्लर आणि पाम बीच रोडवरच्या शाळेत रोबोटिक्स, असं होणार असेल तर मी माझ्या मुलीला अजिबात पाठवणार नाही. आधी मोठ्या फीच्या शाळांत सुरू करा, मग आमच्याकडे या.

---

कळवेकर

सविताताई, राग कसला. हा धागा तुमच्या प्रतिसादाशिवाय अर्धवटच राहिला असता. तुम्ही म्हणता तेच मला म्हणायचंय, फक्त तुम्ही ते भोगून म्हणताय. सगळ्यांना नाही तर कुणालाच नाही, हे मला मान्य आहे.

रस्ते उघडे आहेत का, यावर दोन गोष्टी लिहितो, कारण पुष्कळ पालकांना त्या माहीत नसतात. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावी व्यवसाय अभ्यासक्रमवाल्यांनाही करता येतो. हेच पूर्वीचं एमसीव्हीसी. डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे जोडारी ते इंजिनीअर हा जिना कागदावर पूर्ण आहे. गणिताचा पाया मात्र शाळेतच पक्का व्हावा लागतो, नाहीतर मूल डिप्लोमाच्या पहिल्याच सत्रात अडकतं. म्हणून व्यवसाय विषय आला की गणित सैल सोडायचं, हे मला घातक वाटतं.

---

शाळेतली_बाई

मी ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवते. आमच्याकडे रिटेल आणि हेल्थकेअर आहे. शाळेचं नाव लिहीत नाही.

आतून काय दिसतं ते सांगते. व्यवसाय विषयाचे शिक्षक आमचे सहकारी असतात, पण शाळेचे नसतात. ते एजन्सीमार्फत, कंत्राटावर येतात. पगार वेळेवर होत नाही. चांगला माणूस टिकत नाही, आणि टिकला तरी पुढच्या वर्षी तोच येईल याचा भरवसा नसतो. स्टाफरूममध्ये त्यांना स्वतःचं कपाट नाही. मुलं हे सगळं बघतात. ज्या सरांना शाळा आपलं मानत नाही, त्यांच्या विषयाला मुलांनी मान द्यावा ही अपेक्षा कशी करायची? मला तर सामान, जागा, अभ्यासक्रम या सगळ्याच्या आधी हा प्रश्न सुटायला हवा असं वाटतं. कायम पद आणि नियमित पगार. त्याशिवाय कितीही लॅब उभ्या करा, त्यांना कुलूपच लागणार.

दुसरं, मुली आपोआप एका बाजूला आणि मुलगे दुसऱ्या बाजूला जातात. कुणी सक्ती करत नाही, पण अर्ज भरताना वर्गशिक्षकच "तू हे घे" म्हणतात. ज्या शाळांत ब्युटी आणि ऑटोमोटिव्ह दोन्ही आहेत तिथे हे जास्त होतं, असं तिथल्या मैत्रिणी सांगतात.

आता माझ्या विषयातली गोष्ट. शेकडा नफा-तोटा मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. ८० रुपयाची वस्तू १०० ला विकली तर नफा किती? मुलं २५ टक्के म्हणून मोकळी होतात. रिटेलच्या मुलांनी दुकानात जाऊन विचारलं तर दुकानदार म्हणाला, २० टक्के. वर्गात येऊन माझ्याशी वाद घातला त्यांनी! पुस्तक खरेदी किमतीवर मोजतं, दुकानदार विक्रीच्या किमतीवर. दोन्ही बरोबर, पण गल्ल्यावर बसलेल्याला दुसरं उपयोगाचं, कारण त्याच्या हातात दिवसाची विक्री असते. तो तास मी तसाच चालू दिला. नंतर सवलत, जीएसटी, मालाची नोंदवही असं पुढे गेलो. यातली निम्मी मुलं चाचणीत शेकडेवारीला घाबरणारी होती. गणित कच्चं असतं म्हणून त्यांना रिटेल दिलं जातं. मला उलट वाटतं, रिटेल मिळालं असतं तर बाकीच्या वर्गाचंही गणित सुधारलं असतं.

कळवेकर, तुमच्या 'पहिल्या नंबरच्या मुलानेही' याला माझा जोरदार पाठिंबा.

---

रबाळे_जॉबवर्क

माझं रबाळे एमआयडीसीत व्हीएमसी मशीनचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातूकामाच्या मशीनचं, छोटं युनिट आहे. मालकाच्या बाजूचं थोडक्यात.

मला मुलगा हवा असतो तो ड्रॉइंग वाचणारा. टॉलरन्स (मापात किती फरक चालेल) म्हणजे काय, सेकंड ऑपरेशनला जॉब कुठे पकडायचा, एवढं कळलं की प्रोग्रामिंग मी शिकवतो. असा मुलगा मिळायला महिने जातात. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मेंटेनन्सची तीच गत.

पण एक कटू गोष्ट इथे कुणीतरी लिहिली पाहिजे. आमच्या भागात आयटीआय झालेल्या नव्या मुलाला आणि काहीच न शिकलेल्या हेल्परला मिळणाऱ्या पगारात फारसं अंतर नसतं. डिलिव्हरीची बाईक चालवून पहिल्या महिन्यापासून त्याहून जास्त सुटतात. मग त्याने दोन वर्षं कानस का घासावी? शाळा, सरकार, पालक सगळ्यांना उपदेश करून झाला की आम्हा मालकांकडेही वळा. शिकलेल्या हाताला वेगळा दाम मिळत नाही तोवर पालक ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चूक नाही.

आणखी एक. शाळकरी मुलांना 'अनुभव' म्हणून शॉपवर कामाला लावण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या उद्योगांत कामावर ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. बघायला या, प्रश्न विचारा, मी स्वतः फिरवून दाखवेन. बंद मशीनवर जॉब सेट करून बघा. चालू मशीनला हात नाही.

---

खारघरची_आई

सविताताईंनी मोठ्या फीच्या शाळांबद्दल लिहिलंय म्हणून सांगते. आमच्याकडे सीबीएसई. तिथे नववी-दहावीला सहावा विषय म्हणून 'स्किल सब्जेक्ट' असतो आणि आजूबाजूच्या शाळांत तो बहुतेक आयटी किंवा आर्टिफिशियल इंटेलिजन्स असतो. गणित, विज्ञान किंवा समाजशास्त्रात मूल नापास झालं तर या विषयाचे गुण त्याजागी धरतात, म्हणून पालक घेतात. शिकवणं मात्र बरंचसं पुस्तकातून, व्याख्या आणि एमसीक्यू. म्हणजे इथेही मुलांच्या हाताला काम नाहीच, फक्त विषयाचं नाव भारी.

माझ्या मुलीला एसी दुरुस्ती शिकायची आहे, अगदी मनापासून. शाळेत विचारलं तर समुपदेशकांनी करिअर टेस्ट द्यायला सांगितली.

---

मुरबाडकर

पुण्याजवळच्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा उल्लेख अजून कसा झाला नाही? डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे गेले. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा त्यांनी घडवलेला विषय आठवी ते दहावीला लागू झाला. आताचा मल्टी स्किल त्यातूनच आलाय. आमच्या भागातल्या शाळेत मी तो जवळून बघितला.

आठवड्यातला एक दिवस कामाचा. चार विभाग: कर्मशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. सगळी मुलं चारही विभागांतून फिरतात. मुलगा रक्तगट तपासायला शिकतो आणि मुलगी वेल्डिंग करते, त्यामुळे शाळेतल्या बाईंनी लिहिलेली वाटणी तिथे होतच नाही. निदेशक गावातलाच कारागीर, ज्याचा स्वतःचा धंदा आहे. आणि मुख्य म्हणजे मुलं जे करतात ते कुणाला तरी हवं असतं. शाळेचं बाक दुरुस्त करायचं, कुणाच्या गोठ्याचं फाटक करून द्यायचं, सामानाचा खर्च गिऱ्हाईक देणार. वेल्ड सुटलं तर तो परत घेऊन येतो! नकली प्रकल्पात हे होत नाही.

शहरात हे कसं करायचं असं विचाराल. अहो, ठाणे-नवी मुंबई म्हणजे सोसायट्यांची शहरं. सिडकोच्या जुन्या घरांची गळती आहे, पंप आहेत, व्हॉल्व्ह आहेत, सोलर आहे, पर्जन्यजल टाक्या आहेत. नववीच्या मुलांनी एका इमारतीचं वीज ऑडिट करावं. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा, रोज १० तास, म्हणजे पाऊण युनिट. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ०.३ युनिट. जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट सगळं मोजून सोसायटीच्या कमिटीपुढे मांडावं. चिटणीस हिशेब तपासतील, प्रश्न विचारतील, आणि ती मुलांची परीक्षा. याला कर्मशाळेची जागाही लागत नाही.

---

कळवेकर

मुरबाडकर, सोसायटीची कल्पना फार पटली. निदेशक सरांचं आयटीआयच्या शेडचं आणि हे, दोन्ही एकमेकांना पूरक आहे.

शाळेतल्या बाईंचा मुद्दा मी माझ्या पहिल्या पोस्टमध्ये घालायलाच हवा असा आहे, म्हणून इथे जोडतो: व्यवसाय शिक्षकाचं पद कायम आणि शाळेच्या पटावर. रबाळेवाल्या दादांचा पगाराचा मुद्दाही.

आता करण्यासारखं काय? बऱ्याच माध्यमिक शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यावर पालक असतात. ज्यांची मुलं नववीत आहेत त्यांनी या महिन्यात तिथे लेखी विचारावं: आपल्या शाळेला व्यवसाय विषय मंजूर आहे का, शिक्षक कोण आणि कुठल्या कराराने, सामान कुठे ठेवलंय, आणि प्रवेश गुणांवरून ठरतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्याच. पत्राचा मसुदा करतोय, उद्या इथेच टाकतो.

खारघरच्या ताई, मुलीसाठी: अकरावी विज्ञानाला द्विलक्ष्यी (बायफोकल) व्यवसाय विषयांची चौकशी करा. २०० गुणांचा विषय असतो, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स वगैरे.

---

खारघरची_आई

द्विलक्ष्यी घेतलं तर जीवशास्त्र सोडावं लागतं का? आणि भाषेचं काय?

---

शाळेतली_बाई

हो, साधारणपणे जीवशास्त्र आणि दुसरी भाषा या दोहोंच्या जागी तो २०० गुणांचा विषय येतो. भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी राहतं, त्यामुळे इंजिनीअरिंगचा रस्ता उघडा. मेडिकलची 'नीट' परीक्षा द्यायची असेल तर नको. सगळ्या कॉलेजांत नसतो, आणि जिथे आहे तिथेही प्रत्यक्ष लॅब चालू आहे का ते जाऊन बघा. प्रात्यक्षिकाच्या वेळेलाच जा.

---

निवृत्त_निदेशक

ताई, एसीसाठी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीनंतर. मुलींसाठी राखीव जागा असतात. तिला सुट्टीत एकदा शेड बघायला घेऊन जा. ब्रेझिंगची ज्योत आणि गॅस चार्जिंग बघून आवडलं, तरच पुढचं ठरवा.

---

सविता_घणसोली

कळवेकर, मसुदा टाकलात की सांगा. आमच्या इथल्या महापालिका शाळेत मी स्वतः नेऊन देईन. पण त्यात एक वाक्य वाढवा: विषय सुरू झाला तरी गणित आणि इंग्रजीचा एकही तास कमी होणार नाही, अशी हमी.

---

कळवेकर

वाढवलं. पहिल्या परिच्छेदातच घेतलंय.